निराधार असल्याचा पुरावा

“हिची बॅग कुठंय?” रूपाने विचारले.

रक्त-लघवी तपासणीच्या त्या प्रयोगशाळेत, बसायच्या जागेतल्या टीव्हीवर, दुपारी तीन वाजता आदल्या रात्रीच्या मालिकेचा भाग पुन्हा लागत असे. सासरच्या बंगल्यातून हाकललेली नायिका देवळाच्या पायरीवर झोपली होती. कथेतली ही तिची चौथी रात्र. गालावर काजळीचा एकच पट्टा, केस मोकळे, ओढणी एका टोकाला फाटलेली.

“कसली बॅग गं?” फरशी पुसणाऱ्या सारजाबाईने मान वर केली.

“चार दिस झाले घर सुटून. बॅग नाय, पाण्याची बाटली नाय, चार्जर नाय. अन् मोबाईल चालूच. संडासला कुठं जाते ही?”

“टीव्हीत कोन संडासला जातंय व्हय?” सारजाबाई खिदळली. “गुमान बघू दे. लई रडू येतंय मला.”

रूपाला रडू येत नव्हते. ती वीस वर्षांची होती, याच प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने घेई, आणि गेले चौदा महिने तिला घर नव्हते. आई वारली; सावत्र बापाने मुकुंदवाडीची भाड्याची खोली सोडली आणि तो दुसऱ्या संसारासाठी चाकणला निघून गेला. यात वीज कडाडली नाही, कोणी कोणाला उंबऱ्याबाहेर ढकलले नाही. एका रविवारी कामावरून परतल्यावर खोलीच्या दाराला अनोळखी कुलूप दिसले, एवढेच.

तेव्हापासून ती सरकारी दवाखान्यात राहत होती. रुग्णांचे नातेवाईक तिथे व्हरांड्यात अंथरूण टाकतात, आणि जिच्याजवळ जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि एक्स-रेची पिशवी आहे तिला सहसा कोणी काही विचारत नाही. रूपाजवळ तिन्ही वस्तू होत्या. एक्स-रे तिच्या आईच्या फुफ्फुसांचा होता. ठरावीक दिवसांनी ती जागा बदले. बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेरची जागा सुरक्षित, पण तिथले लोक तीन दिवसांत घरी जातात आणि उरलेला माणूस नजरेत भरतो. हाडांच्या वॉर्डात मुक्काम लांबतो; तिथे महिनाभर दिसलेल्या चेहऱ्याचेही कोणाला नवल वाटत नाही. पहाटे साडेचारला नातेवाइकांच्या न्हाणीघरात पाणी येई. कपडे ती घडी करून अंथरुणाखाली ठेवी. अंगाच्या वजनाने त्यांना इस्त्री होई. मळकट माणसाला पहारेकरी हटकतो. तेव्हा स्वच्छता ही तिची आवड नव्हती. निवारा टिकण्याची ती अट होती.

सारजाबाई सकाळी त्याच दवाखान्यात झाडलोट करत असल्यामुळे हे तिला माहीत होते. दुसऱ्या कोणाला ते माहीत असेल असे रूपाला वाटत नव्हते.

“ऐक,” जाहिराती सुरू झाल्यावर ती म्हणाली. “पुंडलिकनगरात पोरींचं वसतिगृह हाय. तिथल्या बायांनी हीच मालिका बघून एक पलंग फुकट ठेवलाय, निराधार पोरीसाठी. बुधवारी मुलाखती हायेत. जुना ड्रेस घाल, केस सोड, अन् रड. हिच्यावाणी.”

“डूटीवरून जायचंय मावशी. घाण कशी जाऊ?”

“मग बस इस्त्री करत.”

बुधवारी रूपा वेणी घालून गेली. टेबलापलीकडे दोघे होते. अंबिकाताई अध्यक्ष, पलंगाची कल्पना त्यांची. श्रीनिवास सर सचिव. रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक.

“अगं, तू नोकरीच्या मुलाखतीला आलीस की इथे?” अंबिकाताई हसून म्हणाल्या. “काय सुरेख इस्त्री आहे! कुठे करतेस?”

“अंथरुणाखाली, मॅडम.”

“बघा सर, विनोदीसुद्धा आहे.” त्यांनी चष्मा काढला. “राग मानू नकोस हं. पण मालिकेतल्या त्या पोरीकडे नुसतं पाहिलं तरी घशात आवंढा येतो. तुझ्याकडे पाहून मला काही तरी वाटायला हवं ना?”

“ताई, मालिकेचा दाखला नको,” श्रीनिवास सर म्हणाले. “चार रात्री उघड्यावर काढून त्या मुलीच्या नखांचा रंगसुद्धा उडालेला नाही. ते सगळं खोटं आहे.”

रूपाने चटकन मान वर केली. नखे तिनेही पाहिली होती.

“तसाच तुझा अर्जही खोटा असू शकतो,” सर पुढे म्हणाले. आवाजात कडवटपणा नव्हता. “आधार कार्डावर तुझा मुकुंदवाडीचा पत्ता आहे.”

“तिथं आता दुसरी माणसं राहतात, सर.”

“हा तुझा शब्द झाला. काल रात्री कुठे झोपलीस?”

चौदा महिन्यांत हे रूपाने स्वतःहून कोणालाही सांगितले नव्हते. परंतु या माणसाने नखे पाहिली होती. तिने दवाखान्याचे नाव सांगितले, मग वॉर्ड, मग व्हरांड्यातला जिन्याकडून सातवा खांब. सरांनी सगळे सुवाच्य अक्षरांत लिहून घेतले.

“कोणाच्या परवानगीने?”

“कुणाच्याच नाय.”

“छान. म्हणजे हे पडताळता येईल.” पडताळता येण्याजोगे विधान अशा मुलाखतींत क्वचितच मिळे, आणि सरांना त्याचा खराखुरा आनंद झाला होता.

“सर, तिकडं नका विचारू. काढून देतील मला.”

“खरं असेल त्याला पडताळणीची भीती कशाला?” हे वाक्य त्यांनी तीस वर्षे विद्यार्थ्यांना ऐकवले होते.

त्याच दुपारी त्यांनी दवाखान्याच्या प्रशासनाला रीतसर पत्र दिले. दुसऱ्या दिवशी लेखी उत्तर आले: ‘रुग्णाशी संबंध नसलेली कोणतीही व्यक्ती आमच्या आवारात मुक्कामास नसते.’ कोणत्याही अधिकाऱ्याला दुसरे उत्तर देता आले नसते. आयुष्यभर इतरांच्या प्रयोगांतल्या त्रुटी शोधलेल्या सरांनी ही शक्यता मात्र हिशेबात धरली नाही. त्यांनी रूपाच्या अर्जावर लिहिले, ‘दावा असिद्ध.’

पलंग दुसऱ्या एका मुलीला मिळाला. तिने केस सोडले होते आणि ती रडली, अंबिकाताईही रडल्या. ती मुलगीही खरोखरच बेघर होती. तिला ते दाखवता आले, इतकाच फरक.

ज्या दिवशी दवाखान्याचे उत्तर गेले, त्याच संध्याकाळी पहारेकरी राजेंद्र पास तपासत व्हरांड्यातून आला. तो रूपाला वर्षभर पाहत होता.

“ताई, पेशंटचं नाव?”

रूपाने वॉर्डाच्या दारातून आतल्या खाटांकडे पाहिले. राजेंद्रने वही मिटली.

“राहू दे. खोटं नाव घेशील, मी लिहीन, मग दोघंबी मरू. मला ठाव हाय तुझं कुणी नाय इथं. इतके दिस बोललो का काही? पण वरून कागद आलाय. खांबाचा नंबरसुदिक लिहिलाय त्यात. कोण हरामखोरानं सांगितलं असंल?”

“मीच,” रूपा म्हणाली आणि अंथरुणाची घडी घालू लागली.

राजेंद्रने फाटकापर्यंत तिची बॅग उचलली.

पुढचे दिवस तिने बसस्थानकावर काढले. तिथे पहाटेचे पाणी नव्हते आणि अंथरूण पसरायला जागा नव्हती. बाकावर बसून झोपावे लागे. पहिले दोन दिवस वेणी टिकली. पाचव्या दिवशी रक्त द्यायला आलेल्या एका बाईने नाकाला पदर लावला. नवव्या दिवशी प्रयोगशाळेचे मालक हिमांशू यांनी तिला आत बोलावले.

“रूपा, काय चाललंय तुझं? वास येतो. लोक म्हणतात, सुई तरी स्वच्छ आहे का?”

“सर, पाण्याची जरा अडचण आहे.”

“पाण्याची अडचण अख्ख्या शहराला आहे. म्हणून लोक आंघोळ सोडतात का? चार दिवस घरी बस, नीट हो, मग बघू.”

चार दिवस घरी बसण्याची सोय असती तर नीट होण्याची गरजच पडली नसती, हे तिने त्यांना सांगितले नाही. सारजाबाईने विचारले तेव्हा ती म्हणाली, “टीव्हीवरल्या पोरीला मोबाईल पुरला बग. माझा बी मी तुलाच देते, चार्जिंगला जागा नाय. कुणाचा फोन आला तर घे.” आणि निघून गेली.

दरम्यान नियमाप्रमाणे अर्जाचा नकार रजिस्टर पोस्टाने अर्जदाराच्या आधार कार्डावरील पत्त्यावर पाठवण्यात आला होता. सोळाव्या दिवशी पाकीट परत आले. त्यावर पोस्टमनने लिहिले होते: ‘घेणार या पत्त्यावर राहत नाही. वर्षापूर्वी खोली सोडली.’ खाली सही, तारीख.

श्रीनिवास सरांनी ते दोनदा वाचले.

“कोणाचं हो?” अंबिकाताईंनी विचारले.

“त्या इस्त्रीवाल्या मुलीचं.”

“काय म्हणते?”

“तिने लिहिलेलं नाही. आपलंच आहे.”

ते प्रामाणिक गृहस्थ होते. त्यांनी अर्जावरचा क्रमांक लावला. बऱ्याच वेळाने कोणीतरी फोन घेतला. मागे टीव्हीचा आवाज होता.

“रूपा आहे का?”

“नाय. मी सारजाबाई. तिला कामावरून काढली, आठ दिस झाले.”

“कुठे भेटेल?”

“बसस्टॅंडावर दोनदा बघून आले मी. नाय दिसली. तुमी कोन?”

सरांनी वसतिगृहाचे नाव सांगितले. पलीकडे सारजाबाई एकदम मोठ्याने बोलू लागली. “पलंग मिळाला व्हय? थांबा, मी आजच हुडकते तिला, आत्ता निघते—”

“नाही, नाही. पलंग गेला.” सरांनी घसा साफ केला. “तिचं म्हणणं खरं होतं. पुरावा आज हाती आला. एवढं तिला कळवायचं होतं.”



“ते तिला ठाव होतं की,” सारजाबाई म्हणाली आणि फोन बंद झाला.

सरांनी पट्टी घेतली. ‘दावा असिद्ध’ या ओळीवर सरळ रेघ मारली, वर ‘दावा सिद्ध’ असे लिहिले, सही केली, तारीख टाकली. मग पाकीट फायलीला टाचले आणि फाइल निकाली प्रकरणांच्या कपाटात, तिच्या क्रमांकाच्या जागी, परत ठेवली.