तारखेवरचा काप

"ताई, हा टायर कुणी गळ्यात मारला तुमच्या?"

पंक्चरवाल्यानं टायर रिमवरून उतरवून जमिनीवर आडवा टाकला होता आणि त्याच्या पोटात हात घालून तो चाचपत होता. खिळा केव्हाच निघाला होता. आता त्याच्या हाताला वेगळंच काही लागलं होतं.

"गळ्यात कशाला मारतील? घरचाच आहे," ती म्हणाली. "माझ्या भावाचं दुकान आहे टायरचं. त्यानंच बसवून दिला."

"सख्खा भाऊ?"

"म्हणजे?"

"नाही, आपलं सहज." त्यानं टायर उलटा केला. गाडीखाली आतल्या अंगाला असणारी, कुणाला कधी न दिसणारी बाजू वर आली. ओल्या फडक्यानं त्यानं तिच्यावरचं काळं पॉलिश खसाखसा पुसलं. "हे बघा. चिरा आहेत. एक नाही, दोन. आतून ठिगळं लावलीत. दगडानं असं कापत नाही. कुणीतरी सुरी घेऊन, बसून कापलंय. आणि मला विचाराल तर डावखुऱ्या माणसानं."

ती वाकली. टायरच्या बाजूवर तो कधी बनला त्याचे आकडे असतात, आठवडा आणि साल. दोन्ही काप बरोबर त्या आकड्यांवरून तिरपे गेले होते. तारखेवर सुरी चालवणारा डावखुरा माणूस तिनं आयुष्यात एकच पाहिला होता, आणि त्याला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

लोक बाबांना नापास मास्तर म्हणत. शाळेत ते कधी शिकवायला गेले नाहीत; शिकायलाही फारसे गेले नसावेत. पण कुणी जुना टायर दाखवायला आणला की ते तो मांडीवर घेत, चष्मा कपाळावर सरकवत आणि डोळे मिटत. डोळे नक्षीला भुलतात, म्हणत. खाचा खोल दिसल्या की गिऱ्हाइकाला टायर तरुण वाटतो. बाबा अंगठ्याचं नख रबरात रुतवून बघत, बाजू वाकवून टाचेसारख्या बारीक भेगा उघड्या पाडत. "पण मास्तर, गाडी नुसती दारात उभी होती हो," गिऱ्हाईक कळवळून सांगे. "मग? पळालं नाही म्हणून वय वाढायचं थांबतं होय?"

टायर पास झाला तर पाठीवर थाप पडे, टायरच्या. नापास झाला तर खिशातून सुरी निघे. पंक्चर शोधायच्या पाण्याच्या टबात ती बुडवायची. ओली सुरी रबरात लोण्यासारखी जाते. मग तारखेवरून तिरपा काप, आरपार. त्यानंतर तो टायर कुणी कितीही काळा केला तरी विकता येणार नाही, अशी बाबांची समजूत होती.

"मास्तर, आमचा जावईही तपासून द्या की एकदा," एक टॅक्सीवाला म्हणाला होता.

"आण. पण नापास झाला तर कापावा लागेल."

सगळं दुकान हसलं होतं. हसणारे सगळे परत येत मात्र नसत. चांगला चालता टायर म्हाताऱ्यानं फाडला म्हणून शिव्या घालत पुष्कळ जण पलीकडच्या दुकानाची वाट धरत. बाबा मनावर घेत नसत. "शिव्या घालायला माणूस जिवंत लागतो," एवढंच म्हणत.

पुढे दुकान दादाच्या हातात गेलं. बाबा टबाजवळच्या स्टुलावर बसून टायर तपासत राहिले. आणि एक दिवस ते भर दुपारी घरी आले, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले आणि पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत. तिनं फोनवर विचारलं, तर म्हणाले, "आता हाताला कळत नाही गं, बाळा." वय झालं, असं सगळ्यांनी धरून चाललं.

ते गेल्यावर वस्तूंची वाटणी झाली, तेव्हा तिनं सुरी मागितली. "सगळं सोडून सुरी?" म्हणून वहिनी हसली. दादा हसला नाही. त्यानंच मग तिच्या गाडीभोवती एक फेरी मारली होती. "मागचे टायर संपलेत तुझे. मागं पोर बसते ना? थांब, बदलून देतो. बाबांची आठवण समज."

स्टेपनी लावून आणि तो टायर डिकीत टाकून ती तडक दुकानात गेली. दारावर नवी पाटी होती. बाबांचा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत, 'मास्तरांनी पारखलेला जुना माल'. एक गिऱ्हाईक आपली गाडी जॅकवर चढवून उभं होतं. गाडीत त्याची बायको लहान मुलाला मांडीवर झोपवत होती.

तिनं टायर दादाच्या पायाशी टाकला. "ओळख बघू."

दादानं तो नीट पाहिलाही नाही. "आत चल. गिऱ्हाईक आहे."

"इथंच सांग."

"ढिगातून चुकून गेला असेल."

"ढीग आहे म्हणजे असल्यांचा?"

दादानं आवाज खाली आणला. "काय करू मग? दहातले आठ कापायचे ते. दुकानाला कुलूप लावू? म्हटलं बसू दे म्हाताऱ्याला, हात चालतो, वेळ जातो. मागच्या शेडमध्ये ठिगळ लावून घ्यायचो. चालतात गं टायर. आजवर कुणी तक्रार घेऊन आलं नाही."

"येणार कोण? तक्रार करायलासुद्धा माणूस जिवंत लागतो."

दादा चपलेनं जमीन उकरत राहिला.

"याला दोन काप का?"

"तो परत त्यांच्यापुढं गेला. सांधलेला. कुणी ठेवला कोण जाणे. त्यांनी बोट फिरवलं, तर स्वतःचाच काप. मला वाटलं, आता उभा सोलतात मला. पण एक शब्द बोलले नाहीत. सुरी ओली केली, शेजारी दुसरा मारला. मग सुरी पुसून खिशात घातली आणि गेले घरी."

"आणि तू तो पुन्हा सांधलास."

"टायर चांगला होता गं. खाचा बघ की किती आहेत!"

ती दुसऱ्या कापाकडे पाहत राहिली. तो पहिल्यापेक्षा लांब होता आणि मध्येच वाकडा झाला होता. हाताला कळत नव्हतं म्हणून नव्हे.

तिनं पर्समधून बाबांची सुरी काढली, टबात बुडवली आणि टायरवर गुडघा रोवला. लोणीबिणी काही नव्हतं. दोन्ही हातांनी रेटावं लागलं. ती उजव्या हाताची, त्यामुळे तिचा काप उलट्या बाजूनं तिरपा आला आणि बाबांच्या दोन्ही कापांना छेदून गेला.

"अगं, लोक बघतायत," दादा म्हणाला.

लोक म्हणजे ते एकटं गिऱ्हाईक. ते जवळ आलं होतं. आपल्या गाडीसाठी काढून ठेवलेल्या टायरकडे बोट करून त्यानं चाचरत विचारलं, "शेठ, आमचा हा मास्तरांनी बघितलेला आहे ना?"

तिनं टबाजवळचं स्टूल ओढलं, तो टायर मांडीवर घेतला आणि डोळे मिटले. अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं. रबर तरुण होतं की म्हातारं, तिला काहीच कळेना. बाबांना काय कळायचं ते बाबांबरोबरच गेलं होतं. पॉलिशनं काळी झालेली बोटं ती बाजूवरून हळूहळू फिरवत राहिली, आणि आकड्यांपाशी आल्यावर ती अडखळली.

तिनं डोळे उघडले आणि सुरी पुन्हा पाण्यात बुडवली.