बाहेरची डिस्क

"दिवा लागलाय! म्हणजे डिस्क जिवंत आहे ना? मग यादीत का येत नाही?" मी फोनमध्ये ओरडलो.

"भाऊजी, ओरडू नका. मी ऑफिसात बसलेय, सगळे माना वळवून बघतायत," मेहुणी दबक्या आवाजात म्हणाली. ती एका बँकेच्या कॉम्प्युटर खात्यात आहे. "काढा आणि परत लावा."

काढली आणि परत लावली. त्या तळहाताएवढ्या काळ्या डबीवरचा निळा दिवा पुन्हा ऐटीत लागला. पडद्यावर मात्र काही नाही. पंपाच्या धंद्यात जन्म गेला माझा. मोटर नुसती हं-हं करते आणि पाणी चढत नाही, असले पंप मी पैशाला पासरी पाहिलेत. तिथे कुठे हात घालायचा ते कळतं तरी. इथे हात घालायला भोकच नव्हतं.

पलंगावरून बायको माझी फजिती बघत होती. बघणं सोडून तिच्या हाती काही उरलं नव्हतं. आजारानं आधी बोटं नेली, मग पाय, मग मान, आणि सगळ्यात शेवटी जीभ. दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीत नोकरी केलेली बाई ती. दिवसभर येईल त्याला उत्तर द्यायची आणि घरी आली की मला, मी न विचारलेल्या प्रश्नांचीसुद्धा.

जीभ गेल्यावर मेहुणीनं हा कॉम्प्युटर बसवून दिला. वर एक कॅमेरा. बायको पडद्यावरच्या ज्या अक्षराकडे बघेल ते उमटायचं, आणि वाक्य पुरं झालं की आतली एक बाई ते बोलून दाखवायची. त्या बाईचे उच्चार असे, की 'पाठ खाजव' म्हणाली तरी सरकारी घोषणा वाटे. बायकोनं तिचं नाव ठेवलं होतं सवत. "सवतीला विचार," "सवत आज रुसलीय," असं आमचं चालायचं. घरात हसू शिल्लक होतं ते त्या सवतीमुळे.

काल दुपारी सवत गेली. पडदा काळा झाला तो झालाच. दुरुस्तीवाल्यानं उघडून बघितलं आणि म्हणाला, आतली डिस्क मेली, ती बोर्डालाच चिकटवलेली असते, बदलता येत नाही. बाहेरची डिस्क घ्या, इंटरनेटवरून मशीन तात्पुरतं चालू होतं, तिथल्या यादीत ती डिस्क निवडून तिच्यावर सिस्टीम टाका आणि तिच्यावरून मशीन चालू करा. सांगून मोकळा झाला. मी डिस्क घेऊन आलो.

आणि आज संध्याकाळी डॉक्टर येणार होत्या.

श्वास कमी पडत चालला होता. गळ्याला भोक पाडून नळी घालायची आणि श्वासाचं यंत्र जोडायचं, की नाही, हे आज ठरवायचं होतं. हो म्हटलं तर उद्या सकाळी दवाखान्यात हलवायचं. तिला काय वाटतं ते मला ठाऊक नव्हतं. 'डॉक्टर आल्या की सांगीन,' एवढंच ती सवतीच्या तोंडून म्हणाली होती. मी खोदून विचारलं नाही. मला नळी हवी होती. यंत्र हवं होतं, पंप हवा होता, काय वाट्टेल ते जोडून ती या पलंगावर हवी होती.

"भाऊजी, आहात ना?"

"आहे, आहे. दिवा लागतोय गं!"

"दिव्याचं कौतुक पुरे. दुसऱ्या भोकात लावून बघा."

लावून बघितलं. मग दोन्हीकडची टोकं उलटी करून बघितली. मग फुंकर मारून. शेवटी मेहुणीला बैठकीला जावं लागलं आणि मी डोकं धरून बसलो. तेवढ्यात बायकोचे डोळे भिंतीवरच्या तक्त्याकडे गेले. सवत नसली की आम्ही बाराखडीवर यायचो. मी एकेक ओळ म्हणायची, मग ओळीतलं एकेक अक्षर. तिनं डोळे वर केले की हो, मिटून ठेवले की नाही.

"पाणी हवंय?"

मिटले.

"बरं. क-ओळ? च? ट? त? प?" वर. "प? फ? ब?" वर. "काना?" वर. "बा... बाजूला सरकवू?"

मिटले.

"य-ओळ? य? र?" वर. "बार... बारीक?"

वर.

"काय बारीक? मी? होणारच, कालपासून हे मशीनचं मढं उपसतोय."

तिनं डोळे मिटले आणि उघडून खणाकडे नेले. खणात केबलींचं गुंतवळ होतं. मी सकाळी त्यातली सगळ्यात जाड केबल निवडली होती. आमच्यात शिकवणच ती, भार मोठा तर वायर जाड. बारकी वायर लावणाऱ्या पोराला मी टपली मारत आलो. आता मी जाड केबल निरखून बघितली. ती बायकोच्या मालिश-यंत्राची निघाली, नुसती चार्जिंगची. तिच्यातून वीज जाते, माहिती जात नाही. दिवा म्हणूनच लागत होता.

दोऱ्यासारखी एक बारीक केबल लावली आणि डिस्कचं नाव पडद्यावर आलं. बायकोचे डोळे हसले. तोंडाला हसता येत नसलं तरी मला कळायचं.

"शहाणी आहेस," मी म्हणालो, "सकाळीच सांगायचं की!" आणि जीभ चावली.

पण एवढ्यावर भागायचं नव्हतं. डिस्क पुसून घेतली, सिस्टीम बसवायला गेलो तर पडदा म्हणे, या डिस्कवर बसवता येणार नाही. मेहुणी बैठकीतून बाहेर आली होती. "खालचं नाव पुसलंत का? वरचं निवडा, भाऊजी. खालचा नुसता कप्पा असतो. सगळी डिस्कच नव्यानं पुसायची." पुसली. मग म्हणे, बसवायची फाइल खराब आहे. पुन्हा उतरवली, पुन्हा खराब. बाहेर ऊन कलायला लागलं होतं. मी टेबलावर मूठ आपटली तशी बायकोनं डोळे घट्ट मिटून घेतले. ते 'नाही' नव्हतं, दचकणं होतं. माझी मलाच लाज वाटली.

"कोपऱ्यात तारीख काय दाखवतंय?" मेहुणीनं विचारलं.

मी बघितलं. दुरुस्तीवाल्यानं मशीन उघडलं तेव्हा आतलं घड्याळही मागे गेलं होतं. पडद्यावर कितीतरी वर्षांपूर्वीची तारीख होती. त्या साली ही खिडकीत बसून तिसऱ्या मजल्यावर जायचा रस्ता लोकांना हातवारे करून सांगत होती आणि मधल्या सुट्टीत मला फोन करून, येताना काय काय आणायचं ते घोकून घेत होती.

"मशीनला वाटतंय ती फाइल अजून जन्मालाच आलेली नाही, म्हणून खराब म्हणतंय. आजची तारीख घाला," मेहुणी म्हणाली.

मी आजची तारीख घातली. जड गेलं.

एकदाची पट्टी सुरू झाली. पांढरी रेघ, मुंगीच्या पावलांनी. खाली लिहून आलं, अर्धा तास बाकी. थोड्या वेळानं बघतो तर एक तास बाकी. हे कुठलं गणित? बाकीच वाढत चाललेली! मी फोन ठेवला आणि त्या रेघेसमोर हात जोडून बसलो. मी देवाधर्माचा माणूस नाही, पण तेव्हा कुणीही चाललं असतं.

दारावर टकटक झाली. डॉक्टर.

तरुण मुलगी आहे, आम्हाला काका-काकू म्हणते. बायकोची नाडी बघितली, छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, बोटाला चिमटा लावून आकडा बघितला. मग माझ्याकडे बघितलं. आकडा मला सांगितला नाही, त्यावरून समजलो.

"थोडं थांबा," मी म्हणालो. "झालंच आहे. ही रेघ तिकडे टेकली की कॅमेऱ्याचा प्रोग्राम टाकतो, मग ती सगळं नीट सांगेल. कारणांसकट सांगेल. तिला बोलायची हौस आहे."

"थांबते मी, काका. घाई नाही."

"पाहिजे तर उद्या या."

"उद्या..." डॉक्टर एवढंच बोलल्या.

बायकोचे डोळे माझ्यावर होते. मग ते तक्त्याकडे गेले, परत माझ्यावर आले आणि पुन्हा तक्त्याकडे गेले. ती बोलायला तयार होती. तयार नव्हतो तो मी. सकाळपासून मी तिच्यासाठी आवाज जोडतोय असं मला वाटत होतं. खरं म्हणजे जे काय असेल ते माझ्या तोंडून निघू नये म्हणून मी मर-मर मरत होतो. सवत बोलली असती तर निदान सवतीवर चिडता आलं असतं.

मी तक्त्याशी उभा राहिलो.

"क-ओळ?" मिटले. "च? ट?" मिटले. "त?" वर.

"त? थ? द? ध? न?"

वर.

"नळी," मी म्हणालो. "नळी ना? घालू या."

मिटले.

"नंतर? नंतर सांगतेस?"

मिटले.

"नर्स? रात्रीची नर्स ठेवू या आपण, मी म्हणतच होतो."

मिटले.

"नवीन मशीन घ्यायचं? नवंच घेऊ. हे टाकून देऊ."

"काका," डॉक्टर हळूच म्हणाल्या, "मी म्हणू का ओळी?"

"नको!" मी खेकसलो, आणि तोंडातून काय गेलं ते कळून तिथेच थिजलो.

बायकोचे डोळे वर होते. स्थिर. रागावलेली नव्हती ती. मी कधी एकदा विचारतो याची वाट बघत होती, एवढंच.

"नको?" मी नीट विचारलं.

वर.

"काकू, नळी नको, यंत्र नको. असंच म्हणायचंय ना तुम्हाला?" डॉक्टरांनी पलंगाशी वाकून विचारलं. डोळे वरच. डॉक्टरांनी तिच्या कपाळावरून हात फिरवला. धाप लागली की द्यायचं औषध मला समजावून सांगितलं. दोनदा सांगितलं, कारण पहिल्या वेळी मी ऐकलंच नव्हतं. तेवढ्यात कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झाला आणि कुठली भाषा हवी ते विचारू लागला. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

डॉक्टर गेल्या. बायकोचे डोळे परत तक्त्यावर गेले. आता कारण सांगेल, मला वाटलं. सांग बाई, भांड, काहीही कर.

"क? च?" वर. "च? छ? ज?" वर. "काना? वेलांटी? उकार? मात्रा?" वर. "जे..." पुढची ओळ मला म्हणवेना. पाठ फिरवून डोळे पुसले, मग म्हटली. "त? प? य?" वर. "य? र? ल? व?"

वर.

"जेव," मी म्हणालो. "कोण? मी?"

वर.

मी स्वयंपाकघरात गेलो. होतं ते गार अन्न ताटात वाढून घेतलं आणि तिला दिसेल असा पलंगाशी स्टूल ओढून बसलो. एकदा मी ताट खाली ठेवायला गेलो, तर तिनं डोळे मिटले. मी ताट परत उचललं आणि जेवत राहिलो.