चिमीच्या मनगटातली फट

पाच वर्षांची चिमी जांभळावरून पडली आणि मनगट धरून रडू लागली, तेव्हा तिचा आजा कान्हा तिला कडेवर घेऊन पोशेऱ्याहून मोखाड्याच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी हाताचा एक्स-रे फोटो काढला. मोडलेलं नाही, नुसतं मुरगळलंय, असं सांगून त्यांनी हात झोळीत बांधून दिला. कान्हा खुशीत घरी आला. येताना तो फोटोही मागून घेऊन आला आणि तिथेच घोटाळा झाला.

संध्याकाळी शेजारचा रघ्या आला. ठाण्याला बिगारी करताना त्याचा हात मोडला होता आणि त्याचा फोटो त्याने पेटीत जपून ठेवला होता. दोन्ही फोटो शेजारी शेजारी आभाळाकडे धरले, तर रघ्याच्या मनगटात हाडांचे खडे दाटीवाटीने बसलेले. चिमीच्या मनगटात मात्र चार-पाचच, तेही लांब लांब, मध्ये सगळा काळोख. हाताच्या लांब हाडाचं टोक तर सुटंच दिसत होतं, मध्ये आडवी फट.

"हाडं गळालीत पोरीची," रघ्या म्हणाला. "मॅडमला दिसलंच नसंल."

एवढ्यावर तो थांबला नाही. त्याने भिवंडीला चिमीच्या बापाला, तुषारला, फोन लावला.

तुषार आणि त्याची बायको कविता तिकडे गोदामात कामाला होती. पोरगी आजा-आजीजवळ. दुसऱ्या दिवशी तुषार मिळेल त्या गाडीने आला, फोटो बघितला आणि कान्हाकडे वळला.

"बा, तुझ्याच्यानं आता होत नाही. मी नेतो तिला."

कान्हाची म्हातारी, लाडकी, चिमीचे फ्रॉक पिशवीत भरू लागली. चिमीशिवायचं घर कसं असतं, हे कान्हाला आठवेचना. जाण्याआधी मॅडमला एकदा विचारू, एवढीच त्याने गळ घातली. सगळे निघाले. आपला फोटो घेऊन रघ्याही निघाला.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फोटो दिव्यावर लावले. काही गळालेलं नाही, त्या म्हणाल्या. लहान पोरांची पुष्कळशी हाडं आधी कूर्चेची असतात, कानाच्या वरच्या भागासारखी लवचीक. वय वाढेल तसा त्यांत चुना भरतो आणि त्यांचं कठीण हाड होतं. फोटोत कठीण तेवढं उमटतं, कूर्चा उमटत नाही.

तुषारच्या कपाळावरची आठी हलली नाही. दिसत नाही ते आहे म्हणायचं, हे त्याला पटेना.

कान्हा इतका वेळ आपला अंगठा चोळत उभा होता. तो चाचरत म्हणाला, "मॅडम, खोडाळ्याच्या बाजारात कोंबडी घेताना मी तिच्या छातीच्या हाडाचं टोक दाबून बघतो. लवलं तर तलंग, कोवळी. नाही लवलं तर म्हातारी, शिजायला भाराभर लाकडं खाईल. तसंच का हे?"

"अगदी तसंच, बाबा. तुमची चिमी अजून तलंग आहे."

तुषार पहिल्यांदा हसला. दर पावसाळ्यात बापाबरोबर त्याने ते टोक स्वतः कुरकुर चावून खाल्लं होतं.

मग बाईंनी त्या आडव्या फटीवर बोट ठेवलं. हात लांब होतो तो इथून. इथे कूर्चा वाढत राहते आणि मागून तिचं हाड होत जातं. फट बुजली की वाढ संपली.

"माझी बुजली का?" बुटक्या रघ्याने विचारलं.

"केव्हाच."

"मला वाटलं, अजून चान्स असंल."

चिमीसकट सगळे हसले. माझे गुडघे का कुरकुरतात, हे कान्हाने विचारून घेतलं. सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, हाडावर हाड घासू नये म्हणून. ती झिजत आली, असं कळलं. पोरीला काय द्यायचं, असं तुषारने विचारलं.

"नागलीची भाकर, मिळेल तसं दूध. हात बरा झाला की पळू द्या, चढू द्या. भार पडला की हाड घट्ट होतं. कोंडून तेवढी ठेवू नका."

तुषारला भिवंडीची खोली आठवली. दोघं कामाला गेली की तिला बाहेरून कुलूप लागायचं ते रात्रीच उघडायचं.

स्टँडवर भिवंडीची गाडी लागली. तुषारने फ्रॉकची पिशवी कान्हाच्या हातात दिली.

"ही घरी ने, बा. कविताला मी सांगतो."

कान्हाने पिशवी खांद्याला लावली आणि चिमीला उचलायला वाकला. पण ती कडेवर यायला तयार नव्हती. झोळीतला हात सांभाळत ती पुढे पळाली, आणि तिच्या मागे, गुडघे कुरकुरवत, कान्हाही पळाला.