तिसऱ्या मजल्यावरचे दार

माल वर न्यायचा आणि खाली आणायचा, एवढ्यासाठीच मला बनवले गेले. मित्रांनो, मी बुटांच्या कारखान्यातली एक जुनी लिफ्ट आहे. मला आरसा नाही, पंखा नाही. अंगावर जाड पत्रा आणि समोर जाळी. ज्या फिटरने मला जोडले, त्याने पहिल्या फेरीला स्वतःच्या बायकोला माझ्यात उभे केले. ती त्याची बाही घट्ट धरून होती. "अगं, माझ्या हातचं काम आहे," तो म्हणाला. त्या शब्दांच्या जोरावर मी कितीतरी वर्षे चालले.

नियमाने माझ्यातून फक्त खोकी जायची. पण खोकी काही आपल्या पायांनी चढत नाहीत. त्यांच्याबरोबर माणसे यायची, आणि मुकादम बाहेर राहिला की मनातले बोलायची.

सगळ्यांत जास्त बोलायची ती तिसऱ्या मजल्यावर बूट खोक्यांत भरणारी बाई. सगळे तिला ताई म्हणत. तिची सख्खी धाकटी बहीण कारखान्याच्याच ऑफिसात होती. जेवणाच्या सुट्टीत दोघी माझ्यातून उतरत आणि ताई तिच्या वेणीवरून तिची टर उडवायची.

प्रत्येक मजल्यावर माझ्यासाठी एक सरकते जाळीचे दार आहे. मी समोर उभी असले तरच ते उघडावे म्हणून त्याला खटका असतो. तिसऱ्या मजल्यावरचा खटका झिजला होता. मी दुसरीकडे असले तरी ते दार जरा ढकलताच उघडायचे.

कारखान्यात दरवर्षी समाधानाची पाहणी व्हायची. सगळ्यांना छापील कागद मिळायचा. 'तुम्ही कामावर आनंदी आहात का?' त्यापुढे पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. एकावर खूण करायची. तळाशी 'आणखी काही सांगायचे आहे?' आणि दोन रिकाम्या ओळी. कागद गोळा करून बेरीज मांडायची ती धाकटी.

"यंदाही लिहिलंय हं मी, दाराचं," ताई एकदा म्हणाली. "गेल्या वर्षी लिहिलं, त्याच्या आधी लिहिलं. वाचता तरी का, की नुसतेच गठ्ठे बांधता?"

"ताई, वर फक्त चेहऱ्यांची बेरीज जाते. खालच्या ओळींना रकानाच नाहीये."

"मग लिहायला जागा कशाला सोडता गं?"

"साहेबांच्या कानावर घालते," धाकटी म्हणाली.

घातलेही तिने. पुढच्या तिमाहीत बघू, असे साहेब म्हणाले.

पाहणीचा निकाल फार छान लागला. एक भला मोठा पिवळा हसरा चेहरा छापून आला. तो माझ्या आत, नेमका 'खाली बघूनच पाऊल टाका' या जुन्या पाटीवर चिकटवला गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, ताई हनुवटीपर्यंत खोक्यांची चळत घेऊन आली. तिने कोपराने दार सरकवले आणि पाठमोरीच आत पाऊल टाकले. मी वरच्या मजल्यावर होते.

मला त्या क्षणाचे फक्त आवाज माहीत आहेत. खोकी आदळली. मग कोणीतरी खाली वाकून "ताई, ताई" म्हणून हाका मारू लागले. उत्तर आले नाही.

नवा खटका बसवायला एक सकाळ पुरली.

तेव्हापासून कोणी न बोलावताही मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन थांबू लागले. मेकॅनिकने तारा तपासल्या, डोके खाजवले, काही दोष नाही म्हणाला. जाळीपलीकडे कोणी नसायचे. बायकांचे हात थबकायचे. एखादी हलकेच म्हणायची, "ताई आली." धाकटी जिन्यानेच येऊ-जाऊ लागली.

पुढच्या वर्षी पुन्हा कागद वाटले गेले. तोच प्रश्न, तेच चेहरे. गठ्ठा जमा झाला त्या दिवशी साहेब वरचा माल बघायला माझ्यात शिरले. दार लागता लागता धाकटीही तो गठ्ठा घेऊन आत आली. दोन मजल्यांच्या मध्ये तिने लाल बटण दाबले.

"काय झालं? बंद पडली की काय?" साहेबांनी कपाळ पुसले.

"नाही साहेब, मी थांबवली. खालच्या ओळी वाचायच्यात."

"ऑफिसात वाचू ना. इथे कशाला?"

"ऑफिसात तुम्हाला वेळ नसतो."

आणि ती वाचू लागली. सोल चिकटवायच्या रसायनाने डोळे चुरचुरतात. मागच्या जिन्यात अंधार आहे. गरोदर बाईला बसायला स्टूल द्या. एका कागदावर इतकेच होते, 'ताईनेही लिहिले होते.' साहेब आधी घड्याळाकडे बघत होते, मग खाली बघू लागले.

"हे मला कोणी दाखवलंच नाही," ते पुटपुटले.

"मी सांगितलं होतं, साहेब. तुमच्या टेबलासमोर उभं राहून."

तिने बटण सोडले.

जिन्यात दिवा आला. स्टुले आली. रसायन तेच राहिले. धाकटीची मात्र दूरच्या गोदामात बदली झाली, आणि बेरजा मांडायला दुसरी मुलगी आली. ती खालच्या ओळी वाचते का, ते मला ठाऊक नाही.

जायच्या दिवशी धाकटी एकटीच माझ्यात येऊन उभी राहिली. तिने बटण दाबले नाही. तरी मी निघाले आणि तिसऱ्या मजल्यावर थांबले. जाळीला कपाळ टेकवून ती म्हणाली, "वाचलं गं. सगळ्यांचं वाचलं."

मित्रांनो, उद्या तुम्हीही कोणाला तरी विचाराल, कसे चालले आहे? विचारलेत तर ऐकेपर्यंत थांबा, आणि ऐकलेत तर उठून काहीतरी करा. आयुष्यभर मी ओझी उतरवत आले. एका बाईचे बोलणे वाया गेले, त्याचे ओझे मात्र मला कोणत्याच मजल्यावर उतरवता आलेले नाही.