इस्सातची बिनआवाजी स्कूटर

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. चाळीस वर्षं रेनडियरांच्या मागे पठारावर फिरतेय, पण पायाखालच्या बर्फाखाली पाणी आहे हे एक दिवसही विसरलेली नाही. जे विसरले त्यांची नावं मला पाठ आहेत. चुलतभाऊ बियेरा त्यांतलाच. गुक्केस तळ्यात नदी जिथे उतरते तिथे तो स्कूटरसकट गेला. स्कूटर जूनमध्ये सापडली, तो जुलैत.

म्हणून माझ्या मुलाने, इस्सातने, या हिवाळ्यात नवी स्कूटर आणली तेव्हा सगळ्यांनी ताकद विचारली आणि मी वजन विचारलं. स्कूटर म्हणजे आमची बर्फावरची, पुढे दोन स्की आणि मागे रबरी पट्टा. इकडे सगळ्यांकडे टू-स्ट्रोक. ही फोर-स्ट्रोक होती.  तिचं वजन माझ्या जुनीपेक्षा एका धडधाकट माणसाएवढं जास्त.

एप्रिलमध्ये आम्ही कळपापाशी लाकडी खोपीत राहत होतो. सकाळची कॉफी झाली, कपाच्या तळाशी भिजलेले सुक्या मांसाचे तुकडे खाऊन झाले, आणि रोजच्यासारखा मामा-भाच्याचा वाद सुरू झाला. मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ हेयका.

"मामा, हात ठेव इथे. थरथर जाणवतेय?" इस्सातने विचारलं.

"चालू कर की आधी."

"चालूच आहे!"

"मग हा फ्रिज आहे रे. स्कूटर म्हणून विकला तुला."

"म्हण फ्रिज. माझ्याबरोबर दीडशे किलोमीटर आखलेल्या वाटेने चल. संध्याकाळी कमरेला शेक कोण घेतंय ते बघू."

"आखलेल्या वाटेवर माझी आजीसुद्धा चालवेल. वाट सोडून मऊ बर्फात उतर ना. माझी हलकी आहे, रेसच्या खटक्यावर अंगठा दाबला की टुणकन उडते. तुझी रुतून बसेल, मग दोरी घेऊन मलाच यावं लागेल."

"आणि कुंपणाच्या जाळ्यांनी भरलेली घसरगाडी चढावर कोण ओढतं? तुझी ओढते तेव्हा सगळ्या जिल्ह्याला कळतं. धूर काय, खोकला काय!"

"अरे, कळायलाच पाहिजे," हेयका म्हणाला. "माणूस जिवंत आहे हे लोकांना कळू दे की."

मी त्या स्कूटरवर एकदा बसून पाहिलं होतं. खोटं कशाला बोलू, लोण्यासारखी चालते. ताकद धक्क्याने येत नाही, हळूहळू भरत जाते आणि थांबतच नाही. हाताला मुंग्या येत नाहीत, कपड्यांना तेलाचा वास लागत नाही. पण अंगठा उचलला तेव्हा मी दचकले. माझी जुनी अंगठा सोडल्यावरही आपली घरंगळत जाते. हिने मात्र लगेच वेग मारला, मागून कुणी कोट ओढावा तसा. कोरड्या वाटेवर ते सोयीचं आहे. पण तळ्यावर बर्फावर पाणी चढलेलं असतं, तिथे वेग मेला की जड गाडी खाली बसते.

"तळ्यावर काहीही झालं तरी अंगठा उचलायचा नाही," मी त्याला बजावलं.

"आई, दहा वेळा सांगून झालंय."

"हे अकरावं."

त्या दिवशी कुंपणाची जाळी तळ्यापलीकडच्या खोपीत न्यायची होती, कारण दोन आठवड्यांत माद्या विणार होत्या. हेयका कळपापाशी राहिला. जाळ्यांची घसरगाडी जोडून इस्सात पुढे आणि मी मागे, असे आम्ही निघालो. आभाळ खाली आलेलं होतं. मी म्हटलं, उद्या जाऊ. इस्सात म्हणाला, "तुझ्या उद्याची वाट पाहिली तर वासरं कुंपणाशिवायच म्हातारी होतील." मी हसले आणि निघाले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

गुक्केस तळ्यावरची वाट सरळ नाही. नदीचं मुख दक्षिणेला आहे आणि तिथला प्रवाह बर्फ खालून खातो. म्हणून वाट पश्चिमेच्या काठावरून निघते, उत्तरेकडे फुगून मुखाला मोठा वळसा घालते आणि पूर्वेच्या काठाला लागते. बर्चच्या काठ्या रोवून आम्हीच ती दर हिवाळ्यात आखतो. काठी दिसते तोवर जीव शाबूत.

काठ्या दिसेनाशा झाल्या तर काय करायचं, हेही आमच्यात ठरलेलं आहे, माझ्या बापाच्या वेळेपासून. मागच्याने इंजिन बंद करून कान द्यायचा. पुढच्यानेही थांबून, हेल्मेट काढून ऐकायचं आणि मागचा आवाज थांबला की जागेवरच उभं राहून गाडीला रेस द्यायची, मिनिटभर, परत परत. मग मागच्याने आवाजाच्या दिशेने जायचं. या नियमाने चाळीस वर्षं आम्हाला घरी आणलंय.

इस्सात बराच पुढे गेला होता, माझी पश्चिमेच्या बाजूची अर्धी वाट झाली असेल, तेव्हा बर्फाचं वादळ आलं. समोरची काठी गेली, मग माझ्या स्कूटरची स्कीसुद्धा दिसेना. मी थांबले, इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं आणि कान दिला.

नुसता वारा. दुसरं काही नाही.

पोराला कळलं असेल, आता देईल रेस, म्हणून मी थांबले. दिली नाही. शंभर आकडे मोजले, मग आणखी तीनशे. कान बधिर झाले म्हणून चोळले. इस्सात हा नियम मोडणारा नाही. लहानपणी तो त्याचा खेळच होता. मग रेस का देत नाही? गाडी बंद पडली? की गाडीच राहिली नाही?  दहा मिनिटं मी त्या पांढऱ्या अंधारात बसून होते आणि दहा मिनिटांत मी त्याला दहा तऱ्हांनी मेलेला पाहिला.

शेवटी बसवेना. वादळ जरा विरळ झालं, एक काठी दिसली. इंजिन चालू केलं आणि काठी-काठीने, जवळजवळ चालण्याच्या वेगाने, वळशावरून पूर्वेच्या बाजूला आले. तिथे एका काठीपाशी त्याची घसरगाडी दिसली. जाळ्या जागच्या जागी होत्या. स्कूटर नव्हती आणि इस्सात नव्हता.

मी इंजिन बंद करून उतरले. घसरगाडी पडली नव्हती की तुटली नव्हती. खीळ काढून नीट सोडवून ठेवली होती. आणि तिच्या पुढ्यात, जिथे स्कूटर उभी असणार, तिथे बर्फात परातीएवढा खड्डा वितळला होता. इंजिनाच्या गरम धुराने तेवढा खड्डा पडायला मिनिटभर पुरत नाही. बराच वेळ लागतो.

 त्याने रेस दिली होती. नियमाप्रमाणे इथे उभा राहून पोरगा मला हाका मारत होता, दहा मिनिटं, आणि त्या बिनआवाजी गाडीची हाक वाऱ्यातून माझ्यापर्यंत पोचलीच नव्हती. नियम केला तेव्हा अशी गाडी जन्मलीच नव्हती. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. चाळीस वर्षं ज्याने घरी आणलं त्याला कोण तपासून बघतो?

आणि त्याने काय समजायचं? आईचं इंजिन मध्येच बंद झालं. रेस दिली तरी आई आली नाही. म्हणजे आई बुडाली. म्हणून ओझं सोडून तो मला काढायला निघाला होता. मी काठ्या धरून इकडे येत असताना तो तिकडे गेला, आणि दोघांची इंजिनं चालू, डोक्यावर हेल्मेट, त्यामुळे एकमेकांचा आवाज दोघांनाही आला नाही.

त्याच्या पट्ट्याची खूण मी बघितली. ती काठ्यांच्या बाजूला जात नव्हती. माझा आवाज जिथे थांबला होता तिकडे ती सरळ जात होती, वळसा कापून, नदीच्या मुखावरून.

मी खुणेवरून चालत गेले, स्कूटरला बांधलेली काठी सोडून तिने टोचत. पन्नास पावलांवर बर्फ करडा झाला. मग खुणेत पाणी भरलेलं दिसलं, खोल, दोन्ही बाजूंना चिखलासारखा बर्फ उडालेला. काठी टोचली तर आरपार गेली. पुढे ती पाण्याची चरी वादळात शिरत होती. तिच्या शेवटी काय आहे ते दिसत नव्हतं. "इस्सात!" मी ओरडले. बियेरालाही आम्ही असंच ओरडलो होतो.

एक तर तो पाण्यात होता. तसं असेल तर मी आत्ता, याच क्षणी, पोटावर सरपटत पुढे जायला हवं होतं. नाही तर तो पार होऊन पश्चिमेला मला शोधत होता. तसं असेल तर माझ्या स्कूटरचा फटफटाट ऐकताच तो वळणार आणि आवाजाकडे सरळ येणार, याच चरीवरून, आता फुटलेल्या बर्फावरून. आणि मी गप्प राहिले, तर मी बुडालेच म्हणून मला शोधत तो पुन्हा या मुखाकडेच येणार.

वाचवायचं असेल तर एकच जागा होती. वळशाचं टोक, उत्तरेला, जिथे बर्फ मीटरभर जाड आहे. तिथून आवाज आला तर तळ्यावर कुठूनही सरळ आलं तरी मुख लागत नाही. पण तिथे जायचं म्हणजे या चरीकडे पाठ करायची.

मी चरीकडे शेवटचं बघितलं. पाण्याच्या दोन्ही कडांना शेवटपर्यंत, म्हणजे मला दिसत होतं तोवर, बर्फ एकसारखा उडालेला होता. कुठे कमी नाही, कुठे थांबल्याची खूण नाही. त्याने अंगठा उचललेला नव्हता. इथपर्यंत तरी नव्हता. मी अकरा वेळा सांगितलं होतं. तेवढ्यावर मी पोराचा जीव लावला.

मी पळत स्कूटरपाशी परत आले, दोरी ओढली, ती खोकली आणि पेटली. मी तोंड उत्तरेला केलं आणि अंगठा मुठीपर्यंत दाबला. माझी म्हातारी गाडी किंचाळत सुटली. त्याने इथला आवाज ऐकून तोंड वळवायच्या आत तो आवाज हलायला हवा होता. काठ्या दिसल्या तर दिसल्या, नाही तर नाही. प्रत्येक मीटरला मला वाटत होतं की मागे पाण्यात माझं लेकरू हात वर करतंय आणि आईची स्कूटर लांब जाताना ऐकतंय. मी रडत नव्हते, बोंबलत होते.

टोकाला पोचल्यावर मी गोल गोल फिरत राहिले. हळू केलं तर आवाज पडतो, म्हणून पूर्ण रेसवर. हेल्मेटच्या काचेवर बर्फ साचला, पुसायला हात सुटेना. किती वेळ झाला कळलं नाही. देवाला काही कबूल करायचं सुचेना, नुसतं "ये, ये, ये" म्हणत होते. इंधनाचा काटा खाली आला होता. ही बंद पडली की काय करायचं, तेही सुचत नव्हतं.

मग माझ्या डाव्या हाताला काहीतरी काळं होतं. कधी आलं कळलं नाही, आवाज तर नव्हताच. तो माझ्या शेजारून त्याच गोलात स्कूटर चालवत होता आणि हात हलवत होता.

मी अंगठा सोडला. दोघं थांबलो. त्याची स्कूटर सीटपर्यंत बर्फाच्या पाण्याने माखून गोठली होती, त्याची विजारही. त्याने हेल्मेट काढलं. चेहरा एवढासा झाला होता.

"पळत का होतीस?" तो माझ्यावर ओरडला. "मी पाण्याच्या पलीकडच्या काठाशी होतो. तुझा आवाज समोरून आला. आता सरळ घुसणार, तर तू निघालीस उलटीकडे! मला वाटलं, मी मेलो असं समजून तू मला टाकून चाललीस!"

"सरळ आला असतास तर मेला असतास."

त्याने दक्षिणेकडे बघितलं. वळसा, मुख, माझी जागा, त्याची जागा. त्याला सगळं एकदम समजलं आणि तो गाडीवरच वाकला. मान वर न करताच त्याने विचारलं, "आणि मी पाण्यात असतो तर?"

खोटं बोलता आलं असतं. आई म्हणून बोलायलाच हवं होतं.

"तर मी तुला टाकूनच निघाले होते, बाळा," मी म्हटलं.

 तो विजारीवरचा बर्फ मोडून काढत राहिला. मग म्हणाला, "पुढे हो तू. मी मागे येतो."

पलीकडच्या खोपीपर्यंत एकोणसाठ काठ्या होत्या. तो मागे येतोय की नाही हे ऐकू येत नव्हतं, म्हणून मी प्रत्येक काठीला मान वळवून पाहिलं. प्रत्येक वेळी तो होता, आणि प्रत्येक वेळी वळायच्या आधी मला वाटलं की नसेल.