अस्करच्या रस्त्यावरचं पंक्चर

"स्क्रूड्रायव्हर नको वो साहेब, ट्यूब फाटंल!" बाळाजी व्हॅनच्या खिडकीतून ओरडला आणि लगेच त्याने जीभ चावली.

त्याने नुसतं गप्प बसायचं होतं. शिरीषला हे पंक्चर काढता आलं नसतं, तर बक्षिसाची ती जुनी पोलादी सायकल बाळाजीचीच होती.

सायकल हारून शेठच्या वडिलांची. महायुद्धानंतर युरोपात हजारो किलोमीटरच्या, टप्प्याटप्प्यांच्या शर्यती व्हायच्या, तशा शर्यतीसाठी घडवलेली. वडील गेल्यावर ती गोदामात गंजत पडली. शेठच्या इथल्या, आखातातल्या सायकलच्या दुकानात तीस वर्षं मेकॅनिक असलेल्या बाळाजीने चौदा महिने खपून, गंज खरवडून, एकेक आरा सरळ करून तिला पुन्हा उभी केली. इतकं मन लावून त्याने दुसरं काहीच केलं नव्हतं. पुढच्या महिन्यात तो कायमचा गुहागरला परतणार होता.

तिच्या मानासाठी शेठने शर्यत काढली, बुदैया ते अस्कर आणि परत. नियम जुने. चाक फुटलं तर स्वाराने स्वतः बसून दुरुस्त करायचं, मागच्या व्हॅनमधून फक्त पाणी.

"जो पहला आएगा उसको नहीं," शेठ बाळाजीला म्हणाले होते. "जो अपना पंक्चर खुद बनाएगा, साइकिल उसकी. कोई नहीं निकला तो खलास, तू गाँव ले जा."

अठरा स्वार जमले. कुणी बँकेतला, कुणी विमा कंपनीतला, बरेचसे जुफैरच्या उंच टॉवरांतून उतरून आलेले. जुना काळ म्हणून अंगात लोकरीचे टी-शर्ट आणि खांद्यांवरून फुलीसारख्या अडकवलेल्या ट्यूबा. त्या काळच्या स्वारांनी दगडधोंड्यांतून दिवसदिवस सायकली हाणल्या. हे महाशय गुळगुळीत डांबरावर दर दहा किलोमीटरला केळी खायला थांबत होते आणि एकमेकांचे फोटो काढत होते. बाळाजीला हसूही येईना.

पंक्चर झालं ते एकट्या शिरीषचं. हा पुण्याचा, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. दुकानात यायचा तेव्हा 'बेसिक रिपेअर प्रत्येकाला यायलाच हवं' असं बाळाजीलाच शिकवायचा. आता अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्याच्या धुराड्यांसमोर फतकल मारून तो टायरशी झोंबत होता. पॅच उलटा लावून झाला होता, सोल्यूशन मनगटाला चिकटलं होतं. आणि आता त्याने रिमच्या कडेत स्क्रूड्रायव्हर खुपसला.

माणसाची दया आली असती, तर ती बाळाजीने खुशाल गिळली असती. पण ट्यूबचे हे हाल त्याला बघवेनात. "सरा बाजूला," म्हणत तो उतरला. टायर सोडवला, ट्यूब घासली, सोल्यूशन लावून फुंकर घातली, पॅच दाबला. पंप मारताना त्याला उमगलं की आपण काय करून बसलो. गाढव, तो स्वतःलाच म्हणाला.

"थँक्स हां, बाळाजी. कुणाला सांगू नका," शिरीष म्हणाला. मग त्याने बाळाजीच्या हातातलं काळं फडकं मागून घेतलं आणि आपल्या तळव्यांवर, नखांवर व्यवस्थित चोळलं.

बुदैयाला परतल्यावर शेठने सगळ्यांसमोर शिरीषचे ते काळे हात वर धरले. टाळ्या वाजल्या. शेठ बाळाजीकडे वळले. "तू पीछे था. इसने खुद किया?"

बाळाजीने शिरीषकडे पाहिलं. हा निदान मान तरी खाली घालेल, असं त्याला वाटलं होतं. शिरीष फोन धरून उभ्या असलेल्या बायकोकडे बघून हसत होता. एक 'नाही' म्हटलं की सायकल आपली होती. पण ती ह्या असल्या माणसाची चहाडी करून मिळवायची? आणि नियम तर आपणही मोडलेला. त्या क्षणी बाळाजीला शिरीषची इतकी किळस आली, की त्याच्याशी भांडणंसुद्धा कमीपणाचं वाटलं.

"हां शेठ," तो म्हणाला.

"बाळाजी, उद्या घरी पोचवा ना ही," जाताना शिरीष म्हणाला. "हॉलमध्ये टांगायचीय. ड्रिल आहे ना तुमच्याकडे?"

दुसऱ्या दिवशी बाळाजीने शिरीषच्या व्हिलातल्या पांढऱ्याशुभ्र भिंतीला भोकं पाडली, हुक बसवले आणि सायकल टांगली. शिरीष सोफ्यावर कॉफी पीत होता. त्याचे हात स्वच्छ होते.

"काका, चेनचं ऑइल भिंतीला लागेल हो," शिरीषची बायको हेमा म्हणाली. "काढून टाका ना ती. तशीही कोण चालवणारे!"

बाळाजीने चेन काढली. दोन रात्री रॉकेलमध्ये भिजवून तिची एकेक कडी त्यानेच मोकळी केली होती.

"जाताना कचऱ्यात टाकाल?" हेमाने प्लास्टिकची पिशवी पुढे केली.

"टाकतो," बाळाजी म्हणाला.

फाटकाबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात त्याने पिशवी टाकली, रिकामी. चेन कालच्याच फडक्यात नीट गुंडाळली, शेजारच्या सीटवर ठेवली आणि व्हॅन सुरू केली.