रांजणाला घाम फुटेना

मित्रांनो, मी मिरजगावच्या साळूबाईच्या ओसरीवरचा एक जुना रांजण आहे. पोट मोठं, मान आखूड आणि स्वभाव जरा मानी. कानिफनाथ कुंभारानं मला घडवताना मातीत घोड्याची लीद कालवली होती. नाकं मुरडू नका! आव्यात भाजताना ती लीद जळाली आणि माझ्या अंगभर बारीक बारीक छिद्रं राहिली. त्यांतून पाणी झिरपतं, वाऱ्यानं वाळतं आणि आतलं पाणी गार होतं. लोक म्हणतात, रांजणाला घाम आला. तो घाम हीच माझी कमाई.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात दुष्काळानं कहर केला. साळूबाईची सून पुष्पावती खडी फोडायला जाई. अर्धपोटी राहून तिचं दूध आटलं होतं. तिची तान्ही लेक राही शेळीच्या दुधावर होती. शेळी सकाळी काय देईल तेवढंच. ते दिवसभर पुरवायचं. साळूबाई दूध तापवून तांब्यात भरी, तांब्याचं तोंड फडक्यानं बांधी आणि तो माझ्या पाण्यात गळ्यापर्यंत सोडी. बाहेर आग बरसे, पण दूध नासत नसे. मला फार धन्य वाटे.

राहीचा बाप रंगनाथ कोपरगावच्या साखर कारखान्यात होता. तो रजेवर आला. दर अक्षय्य तृतीयेला साळूबाई मला गेरूचा हात देई. त्या वर्षी रंगनाथ म्हणाला, "आये, ह्या रांजनानं माझी लेक जगवली. गेरू कशाला? ह्याला झ्याक रंग देतो!"

त्यानं निळा तेलरंग आणला आणि मला दोन हात दिले. मी चकाकलो. सगळी आळी बघायला आली. माझा मात्र जीव गुदमरत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दूध फाटलं. साळूबाईनं मीठमिरच्यांनी पोरीची दृष्ट काढली. तिसऱ्या दिवशी पुन्हा फाटलं. राही रडून रडून मलूल झाली, आवाजही निघेना.

"शेळीच बिघडली. बाजारात इकून टाकू," पुष्पावती म्हणाली.

मी ओरडून सांगणार कसा? शेळी गेली असती, तर पोरीच्या तोंडात काय घालणार होते?

साळूबाई पोरीला घेऊन नेहमीसारखी मला टेकून बसली. थोड्या वेळानं तिनं आपल्या पाठीवर हात फिरवला. लुगडं कोरडं होतं.

"रंगनाथा, ह्याला घाम न्हाई रं! तुझ्या रंगानं समदी भोकं बुजली!"

रंगनाथनं मला हात लावला. मी तापलेलो होतो. तो विटेचा तुकडा घेऊन बसला आणि मला खरवडत राहिला. बोटं सोलली, रक्त आलं, तरी थांबला नाही. मलाही फार दुखलं. संध्याकाळी माझ्या पोटावर पहिला ओलावा आला, तेव्हा साळूबाईनं त्यावर गाल टेकवला. दुसऱ्या दुपारी दूध चांगलं राहिलं. राही ते पिऊन शांत झोपली.

मित्रांनो, माठ-रांजण सावलीत ठेवा, त्यांना वारा लागू द्या, वरचेवर घासून घ्या. आणि कुणावरही माया करताना, त्याला काय हवं ते आधी बघा. रंगनाथनं मला सजवलं तेव्हा सगळी आळी जमली होती. खरवडलं तेव्हा बघायला कुणीच आलं नाही, पण त्याची माया मला त्या दिवशी कळली.